अंगणातली गुळवेल : लावायची कुठे आणि आवरायची कशी

गुळवेल म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, काढा कसा करायचा आणि रोज किती घ्यायचा. ती चढते कशावर, वाढते किती, पानं कधी गाळते, तिच्यावर कोण कोण येऊन राहतं हे सहसा कोणी विचारत नाही, आणि मला मात्र तेच सांगायची भारी हौस आहे. माझ्या दृष्टीने गुळवेल आधी बागेतली एक वेल आहे, आपल्या इथलीच, आपल्या उन्हापावसाची सवय असलेली, औषधबिषध नंतर. तर आज काढा बाजूला ठेवू आणि वेलीबद्दल बोलू.

आमचं घर अमरावतीत. प्लॉट काही फार मोठा नाही, पुढे तुळस, जास्वंद, कढीपत्ता असं नेहमीचंच, आणि मागे कंपाउंडच्या कोपऱ्यात सासूबाईंच्या वेळचा कडुनिंब. त्या निंबावर आमची गुळवेल आहे. निंबावरचीच गुळवेल चांगली असं आमच्याकडे सगळेच म्हणतात, वैद्यही तीच मागतात, पण ते सोडलं तरी बागेच्या हिशोबाने निंब तिला खरंच सोयीचा पडतो. एक तर तो उंच आणि दणकट, वेलीचं वजन सहज पेलतो, आणि सावली विरळ त्यामुळे वेलीला ऊनही मिळतं.

आधी ओळख नीट करून घ्या, कारण गुळवेल म्हणून काहीही हातात देतात. पान बदामी आकाराचं, गुळगुळीत, लांब देठाचं. पण नुसत्या पानावर जाऊ नका, तसल्या पानाच्या वेली पुष्कळ आहेत. खरी ओळख कांडात आहे. जुनं कांड हातात घेतलं की वरची साल कागदासारखी पातळ, राखाडी-पांढरट, तिच्यावर बारीक बारीक फोड असतात, आणि नखाने जरा खरवडलं की ती साल सुटून येते आणि खाली हिरवंगार दिसतं. मग कांड आडवं कापून बघा, आत बैलगाडीच्या चाकासारखे आरे दिसतात, मधून निघून कडेपर्यंत गेलेले. कापल्यावर बोटांना थोडा चिकटपणा लागतो आणि चाटून बघितलं तर कडू, बराच वेळ जिभेवर राहणारं कडू. कांडावर अंगभर मोठ्या उठलेल्या गाठी असतील, हाताला एकदम खडबडीत लागत असेल तर ती गुळवेलीची दुसरी बहीण, टिनोस्पोरा क्रिस्पा. आपली ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. अजून एक जात आहे तिच्या पानाच्या मागे दाट लव असते, आपल्या गुळवेलीचं पान मोठं झालं की दोन्हीकडून गुळगुळीत असतं. नर्सरीतून आणताना हे सगळं तिथेच बघा, घरी आणून नंतर शंका काढण्यात अर्थ नाही.

लावणं अगदी सोपं आहे. मृग लागून एकदोन चांगले पाऊस झाले की बोटाएवढ्या जाड कांडीचे वीतभर तुकडे करायचे, प्रत्येकावर दोन-तीन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, पाहिजेत. खालचं टोक तिरपं कापायचं आणि वरचं सरळ, म्हणजे नंतर उलटसुलट होत नाही. एक-दोन डोळे मातीत जातील इतकं खोचायचं, भोवतीची माती दाबायची आणि अर्धवट सावलीत ठेवायचं. आमच्याकडे काळी माती, पाणी धरून ठेवते, त्यात कांडी कुजते म्हणून मी खड्ड्यात मुरूम आणि थोडी रेती मिसळते, शेणखत एक-दोन घमेली, बस. रासायनिक खत हिला अजिबात लागत नाही, उगाच देऊ नका. पंधरा-वीस दिवसांत डोळे फुटतात. पहिल्या वर्षी वेल काही फार करत नाही, एक-दोन फांद्या काढून बसते आणि लोकांना वाटतं लागली नाही. ती खाली मुळं धरत असते. दुसऱ्या पावसाळ्यात बघा मग.

आधाराचं मात्र आधीच ठरवा. गुळवेलीला दोडक्या-कारल्यासारखे तणावे नसतात आणि मनीप्लांटसारखी भिंतीला चिकटणारी मुळंही नसतात, ती स्वतःच कांडाने गोल गोल गुंडाळत वर जाते. त्यामुळे सपाट भिंतीवर ती चढूच शकत नाही आणि निंबाच्या जाड बुंध्यालाही तिला सुरुवातीला धरता येत नाही. बुंध्याजवळ एक काथ्याची दोरी वरच्या फांदीपर्यंत ताणून बांधायची, त्या दोरीवरून ती चढते, पहिली फांदी सापडली की पुढचं तिचं ती बघते. झाड नसेल तर लोखंडी जाळी किंवा चांगल्या जाड तारेचा मांडव करा, बांबूच्या काड्या तिला पुरत नाहीत, दोन वर्षांत कांड अंगठ्यापेक्षा जाड होतं आणि पावसात पानांचं वजन येतं तेव्हा सगळं खाली बसतं. गच्चीवर ड्रममध्येही छान येते, फक्त ड्रम मोठा घ्या आणि आधार गच्चीच्या कठड्याला पक्का बांधा.

आणि जवळ पेरू, सीताफळ, डाळिंब असलं छोटं झाड असेल तर तिथे लावू नका. ती झाडातला रस वगैरे पीत नाही, तो अमरवेलीचा उद्योग, लोक दोघींना एकच समजतात. पण हिचे वेढे बारीक फांदीला घट्ट बसतात, फांदी जाड होत जाते तसे ते रुततात, आणि वर पानांचं आच्छादन एवढं होतं की छोट्या झाडाला ऊनच मिळत नाही.

श्रावणात ही वेल बघावी. रोज सकाळी शेंडा कालच्यापेक्षा पुढे गेलेला असतो, तार दिसली की तार, डिशची केबल दिसली की केबल, शेजारच्यांचा कपडे वाळवायचा दांडा, काहीही चालतं. मी रविवारी एक चक्कर मारते आणि जिथे जायला नको तिथले शेंडे वळवून परत निंबाकडे लावते, कोवळे असताना वळतात, जून झाले की मोडतात. विजेच्या वायरकडे गेलेला शेंडा तर दिसला त्याच दिवशी काढायचा, त्यात आळस नको. मग सगळ्यात मजेशीर प्रकार सुरू होतो तो मुळांचा. वरच्या फांद्यांमधून बारीक मुळं खाली सुटतात, अधांतरी लोंबत लोंबत महिना-दोन महिन्यांत जमिनीपर्यंत येतात आणि टेकली की मातीत शिरतात आणि मग जाड व्हायला लागतात. एकदा आमच्याकडे कंपाउंडचं काम करताना गवंड्याने खालचं मूळ कांडच तोडून टाकलं. मला वाटलं गेली वेल. पण वरचा भाग तसाच हिरवा राहिला, जिथून तुटलं होतं त्याच्या वरून नवीन मुळं सुटली, ती खाली येऊन जमिनीला लागली, आणि पुढच्या पावसाळ्यात वेल जशीच्या तशी. आज आमच्या वेलीचं जुनं बूड कुठलं हे दाखवताच येणार नाही.

म्हणूनच छाटलेल्या फांद्या कुठेही फेकू नका. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकल्या तर तिथेच उगवतात, कचऱ्याच्या ढिगावर टाकल्या तर तिथे, आणि नुसत्या खिळ्याला टांगून ठेवल्या तरी महिनोन्महिने हिरव्या राहतात आणि एक दिवस टांगल्या जागी पान काढतात. मी तुकडे करून गच्चीवर कडक उन्हात पार वाळवते, आमच्याकडच्या उन्हाचा तेवढा तरी उपयोग, मग ते चुलीत जातात.

आता उन्हाळ्याचं सांगते कारण ह्यात लोकांची निराशा होते. पश्चिमेच्या खिडकीवर सावली पाहिजे म्हणून गुळवेल लावणार असाल तर लावू नका. फेब्रुवारीत पानं पिवळी पडायला लागतात, मार्च-एप्रिलमध्ये वेल पार उघडी होते, आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, येतो तेव्हा खिडकीवर नुसत्या दोऱ्या. पाणी देत राहिलं तर थोडी पानं टिकतात पण सावली म्हणावी अशी नाही. ती मेलेली नसते हो, विदर्भाच्या ४४-४५ अंशांत जगायची तिची पद्धतच ती आहे, साल खरवडा, खाली हिरवी असते. दरवर्षी कोणीतरी मला फोटो पाठवतं, वेल वाळली काय करू. काहीच करू नका, पाऊस येऊ द्या.

आणि ह्याच उघड्या वेलीवर उन्हाळ्यात फुलं येतात. एवढी बारीक, पिवळसर हिरवी, की जवळ गेल्याशिवाय कळत नाही. गुळवेलीत नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. नराची फुलं झुपक्याने, मादीची बहुतेक एकेकटी, आणि फळं अर्थातच फक्त मादीला, तीही जवळपास कुठे नर असेल तरच. आमची मादी आहे, नर रस्त्याच्या पलीकडच्या निंबावर आहे. फळं वाटाण्याएवढी, आधी हिरवी मग पिकून लालभडक, पानं नसताना ती काय दिसतात! बुलबुल तर अक्षरशः रांगेत असतात, पहाटेपासून कलकलाट. कांडी लावली की ती ज्या वेलीची त्याच जातीची होणार, नराची कांडी नर आणि मादीची मादी, म्हणून पक्ष्यांसाठी वेल पाहिजे असेल तर फळं धरलेल्या वेलीची कांडी मागून घ्या. नर्सरीवाल्यांना हे विचारलं तर ते आपल्याकडेच बघत राहतात, पण विचारा.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. पावसाळ्यात गुळवेलीच्या पानांना मोठमोठी भोकं दिसायला लागली की पान उलटून बघा. तिथे एक अळी असते, गडद तपकिरी-काळपट, मखमली, अंगावर दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे गोल ठिपके. धक्का लागला की ती डोकं खाली दुमडून घेते आणि मागचा भाग वर उचलते, तेव्हा ते खोटे डोळे बरोबर आपल्याकडे बघतात. मोठी झाली की दोन-तीन पानं एकमेकांना शिवून त्यात कोष करते. त्यातून जो पतंग निघतो तो बघण्यासारखा, पुढचे पंख वाळक्या पानाच्या रंगाचे आणि ते उघडले की खालचे एकदम केशरी, काळ्या पट्ट्याचे. युडोसिमा म्हणतात त्याला. मी घरी ह्या अळ्यांना हात लावत नाही. वेल एवढी वाढते की दोन-चार फांद्या त्यांनी खाल्ल्या तर कुठे काही कमी पडत नाही, आणि त्या अळ्यांवर पक्षीही येतात.

पण हाच पतंग माझ्या मामांचा वैरी आहे. मामांची वरूडकडे संत्र्याची बाग, आंबिया बहार घेतात, म्हणजे हिवाळा संपताना फुलून दिवाळीच्या सुमारास पिकणारं पीक. फळ पिकायला लागलं की अंधार पडल्यावर हे पतंग बागेत येतात. फुलपाखराची सोंड नाजूक असते, ह्यांची टणक, टोकाला काटेरी, ती सरळ संत्र्याच्या सालीतून आत घालतात आणि रस पितात. फळावर सुईने टोचल्यासारखं एक बारीक छिद्र राहतं, बाकी काही नाही. मग त्या छिद्राभोवती डाग पडतो, आत बुरशी जाते, फळ सडतं आणि गळतं. मी एका दिवाळीच्या आधी गेले होते तेव्हा मामांबरोबर रात्री बॅटरी घेऊन बागेत फिरले. उजेड टाकला की फळावर बसलेल्या पतंगाचे डोळे लाल चमकायचे, झाडाझाडावर, आणि खाली गळलेल्या फळांचा सडा, आंबूस वास. मामा गडबडीने गळलेली फळं टोपल्यात भरून घेत होते, कारण तीच पडून राहिली की अजून पतंग येतात. बांधावर संध्याकाळी धूर करतात, गुळाच्या पाण्यात औषध घालून आमिष ठेवतात, हाताने पतंग पकडतात, सगळं करून पाहतात.

आणि मोठा भाग हा की अळी संत्र्याच्या झाडावर नसतेच. ती बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढते, फक्त पतंग झाल्यावर बागेत येतो. म्हणून कृषी खातं आणि विद्यापीठाचे लोक संत्रा-मोसंबीवाल्यांना सांगतात की बागेच्या आसपासच्या गुळवेली काढून टाका. मी माझ्या वेलीचं एवढं कौतुक सांगत होते तर मामा म्हणाले, "बाई, तुझ्या घरी ठेव तू तिला. माझ्या बांधावर काडी आणू नको." आणि त्यांचं बरोबर आहे, शंभर टक्के. वर्षभराची कमाई रात्रीतून गळताना ज्याने बघितली त्याला मी काय सांगू. मामी घरच्यापुरती गुळवेल आता माझ्याकडूनच नेतात.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. शहरात, गावठाणात, जिथे आजूबाजूला संत्रा-मोसंबी-डाळिंबाच्या बागा नाहीत तिथे गुळवेल जरूर लावा, भरपूर लावा. बागायती पट्ट्यात राहत असाल, वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड, तिकडे जालन्याची मोसंबी, तर लावू नका, मोह झाला तरी नको. देशी झाड आहे म्हणून ते कुठेही चालतं असं नसतं. हल्ली देशी झाडं लावा म्हणून पुष्कळ सांगतात, मीही सांगते, पण कुठे लावायचं हे सांगितल्याशिवाय तो सल्ला अर्धाच.

खाण्याचंही थोडं सांगते. कोवळ्या पानांची भाजी आमच्याकडे पावसाळ्यात एकदोनदा होतेच, ऑगस्टमध्ये कृषी विभागाचा रानभाजी महोत्सव भरतो तिथेही ही पानं असतात. पानं देठ काढून बारीक चिरायची, भिजवलेली मुगाची डाळ, भरपूर लसूण, हिरवी मिरची, झाकण ठेवून वाफेवर शिजवायची. कडवट लागते, पण मेथी खाणाऱ्याला काही वाटणार नाही. ज्वारीच्या भाकरीबरोबर मला फार आवडते.

आणि सत्त्व. मामी दर चैत्रात करतात, वेल उघडी झाली की, तेव्हा कांडात पिठूळ अंश जास्त असतो म्हणतात. अंगठ्याएवढी जाड कांडं स्वच्छ धुवायची, वरची कागदी साल काढायची, बोटबोटभर तुकडे करून पाट्यावर ठेचायचे. चेचताना पांढरट चिकट रस सुटतो. रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी हाताने खूप कुस्करायचं, चोथा पिळून काढायचा, पाणी पातळ कापडातून गाळायचं आणि पातेलं न हलवता ठेवून द्यायचं. दोन-चार तासांनी वरचं पाणी अलगद ओतून दिलं की तळाला पांढरा थर बसलेला दिसतो. पुन्हा स्वच्छ पाणी घालायचं, पुन्हा बसू द्यायचं, असं दोनतीनदा, मग तो थर ताटात सुकवायचा. टोपलीभर कांडातून हातात येतं ते वाटीच्या तळाशी पुरेल इतकंच, म्हणून बाजारात स्वस्तात किलोकिलोने मिळणारं सत्त्व मी घेत नाही.

औषध म्हणून घ्यायचं असेल तर वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारून घ्या, मी डोस सांगणार नाही. कोरोनाच्या वेळी लोकांनी महिनोन्महिने ग्लास ग्लास काढे पिले. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, त्यावर आयुष मंत्रालयाने म्हटलं की त्यांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती का ह्याची खात्री केलेली नाही. वाद कसाही असू दे, घरात कोणाला लिव्हरचा त्रास असेल, शुगरच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने काही सुरू करू नका. आणि ओळख पटल्याशिवाय तर नाहीच नाही.

त्याच वेळी आमच्या भागातल्या रस्त्यावरच्या निंबांवरून गुळवेली अक्षरशः ओरबाडून नेल्या. गुळवेल तोडली तरी परत येते हे खरं, पण वरपासून खालपर्यंत सगळीच ओढून काढली तर ती तरी कुठून येणार, मुळं सुटायला वर काही राहायला तर पाहिजे. पलीकडचा नर तेवढा वाचला कारण तो विजेच्या डीपीच्या मागे आहे, कोणाचा हात गेला नाही. तुम्हाला कुठे रस्त्यावर वेल दिसली आणि पाहिजे असली तर एका फांदीचा मधला तुकडा कापून घ्या, वरचं लोंबतं तसंच राहू द्या, खालचं बूड राहू द्या, दोन्ही जगतात. आणि घरी आणून ती पिऊ नका, लावा.

मी जूनच्या पहिल्या आठवड्यात वेल छाटते. तेव्हा फळं संपलेली असतात, बुलबुलांचं झालेलं असतं, नवीन डोळे फुगलेले असतात. बादलीभर कांड्या निघतात, मादीच्या, फळं धरणाऱ्या. अमरावतीतल्या ओळखीच्यांनी पिशवी घेऊन या, आणि येताना घराजवळ कुठे संत्र्याची बाग आहे का तेवढं आठवून या.